सटवाईचा तराजू

बाळांनो, तराजूच्या एका पारड्यात मूल असेल आणि दुसऱ्यात गूळ, तर तुमची नजर आधी कुठं जाईल?

एका डोंगराच्या पायथ्याशी सटवाईचं देऊळ होतं. सटवाई म्हणजे लेकरांची राखण करणारी देवी. मूल आजारी पडलं की आई नवस बोलायची, “लेकरू जगू दे, त्याच्या भारोभार गूळ वाहीन.” म्हणून देवळाच्या मंडपात मोठा तराजू टांगलेला असायचा. देवीची पूजा करणारी गुरवीण वीस वर्षं मुलं तोलत आली होती. देवीचं काही कमी भरू नये, म्हणून ती गुळाचं पारडं डोळ्यांत तेल घालून बघायची.

देवळात गूळ बराच साठला होता. तो विकून देवीला चांदीचं छत्र करायचं, असं देवळाच्या कारभाऱ्यांनी ठरवलं होतं.

एका सकाळी एक मजूर बाई नवस फेडायला आली. काखेत दोन वर्षांची मुलगी, डोक्यावर गुळाची अख्खी ढेप. गुरविणीनं मुलीला एका पारड्यात बसवलं, दुसऱ्यात ढेप ठेवली. ढेप धाडकन खाली गेली आणि मुलगी झोक्यासारखी वर उचलली गेली.

“अगं, एवढा कशाला आणलास?” कारभारी म्हणाले. “फोड थोडा.”

गुरविणीनं एक तुकडा फोडून काढला. पारडं हललं नाही. आणखी काढला. जवळजवळ अर्धी ढेप निघाली, तेव्हा कुठं काटा मधोमध आला.

“स्वस्तात सुटलीस की गं!” दर्शनाला आलेल्यांतली एक बाई मागून म्हणाली आणि सगळे हसले.

आई हसली नाही. तिनं हळूच विचारलं, “मावशी, दोन वर्षांचं लेकरू एवढंच भरतं का हो?”

गुरविणीनं वीस वर्षांत पहिल्यांदा लेकराच्या पारड्याकडे नीट पाहिलं. काटकीसारखे हात. फुगलेलं पोट. रडायचंसुद्धा त्राण नव्हतं. मुलगी टक लावून गुळाकडे बघत होती.

“घरात एवढा गूळ होता. हिला नाही दिलास?”

“गुऱ्हाळात राबून मिळवला, मावशी. नवसाचा तो. देवीच्या आधी हिला कसा चाखवू? हिनं हात पुढं केला की मीच मागं ओढायची.”

 तोललेल्या कितीतरी हलक्या मुलांचे चेहरे गुरविणीला आठवले. त्यातली काही पुन्हा दिसलीच नव्हती.

“हा नवस फिटला नाही,” ती म्हणाली.

“फिटला नाही? काटा तर मधोमध आहे!”

“कारभारीदादा, हिनं देवीकडे लेकरू मागितलं होतं. हे काय पुरतं लेकरू आहे? ते अख्ख्या ढेपेइतकं भरेल, तेव्हा नवस फिटेल. तोवर देवळातला गूळ गावच्या लेकरांच्या पेजेत पडेल.”

“आणि छत्र?”

“छत्राखाली बसून ती राखण कुणाची करणार?”

“देवी कोपली तर?”

“तर माझ्यावर कोपू दे.”

गुरविणीनं लगेच चूल पेटवली. तिनं नाचणीची पेज शिजवली, त्यात गूळ विरघळवला आणि आईच्या हाती वाटी दिली. “घाई करू नकोस. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा भरव.”

चौथ्या घासाला मुलीनं आईचं बोट घट्ट धरलं आणि तोंड उघडलं. मंडपात कुणी हसलं नाही. कारभारी उठून घरी गेले.

तात्पर्य एवढंच, की भुकेलं लेकरू जगाच्या पाठीवर कुठलंही असो, देवाचा पहिला घास त्याच्याच तोंडातून देवाला पोचतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर चौदा आया आपापली मुलं घेऊन बसल्या होत्या, आणि कारभारी घरची दुभती गाय घेऊन आले होते.