टिटवीची अंडी आणि कोल्ह्याचं हसू

डोंगराच्या पायाशी, नदीला खेटून एक जंगल होतं आणि त्या जंगलात एक टिटवी राहायची. राहायची कसली, ओरडायची. पान पडलं की ओरड, ढग आला की ओरड. झोपतानासुद्धा बाई पाय वर करून झोपायची. आभाळ कोसळलंच तर झेलायला कुणीतरी हवं ना. तुम्ही हसा खुशाल, पण सगळं जंगल हिच्यावर चालायचं. पावसाळ्याआधी टिटवी अंडी कुठे घालते, ते जो तो बघून ठेवी. वर माळावर घातली तर पाऊस जबर, बिऱ्हाडं वर हलवा. खाली नदीच्या वाळूत घातली तर पाऊस बेताचा, काठावर लोळा. ही रीत पणजोबांच्या वेळची, आणि ती चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

का चुकत नाही, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. टिटवीच्या आईनं तिला एक काम लावून दिलं होतं. अंडी घालण्याआधी नदीकाठानं चालत जायचं आणि झुडपांत अडकलेला मागच्या पुराचा कचरा बघायचा. वाळकं शेवाळ, काटक्या, एखादी शिंपली. कचरा जिथवर, तिथवर पाणी आलेलं. त्याच्या चांगलं वर जाऊन अंडी घालायची. झालं, एवढीच तिची विद्या. आणि अलीकडे तो कचरा दर वर्षी जरा वरच्या फांदीला सापडत होता. टिटवी बापडी तेवढी वर सरकायची आणि ओरडायची. का ओरडते, ते विचारायला सवड कुणाला होती?

तेच पाणी आणखी एकाला दिसत होतं. बगळ्याला. हा जंगलाचा पंडित, पिल्लांची शाळाही ह्याचीच. दिवसभर नदीतल्या एका खडकावर डोळे मिटून एका पायावर उभा. लोकांना वाटायचं, विचार करतोय. माशांनाही तसंच वाटायचं, म्हणून तर त्याचं पोट भरायचं. पण पठ्ठ्यानं एक गोष्ट नीट ताडली होती. पूर्वी त्या खडकावर पुराचं पाणी त्याच्या गुडघ्याला लागायचं, आता मांडीला लागत होतं. कारणही त्यानं शोधलं होतं : डोंगरावरचं गवत सगळे बिछान्यासाठी उपटून नेतात, उघड्या डोंगरावर पाणी ठरत नाही, सगळं एकदम नदीत येतं. बगळ्याचं ज्ञान पक्कं होतं. खोट होती ती जिभेत. चार शब्दांचं काम तो चाळीस शब्दांत करी आणि वर तिखटमीठ लावी.

तर पावसाळ्याच्या तोंडावर सिंहानं सभा बोलावली. सिंह गवताच्या गादीवर लोळत होता. गादी एवढी जाड की महाराज कुठे संपतात आणि गवत कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं.

"महाराज," बरंच पाल्हाळ लावून झाल्यावर बगळा म्हणाला, "यंदा नदी वाळूचं अख्खं बेट गिळणार. डोंगराचं गवत उपटणं थांबलं पाहिजे."

सिंहानं कूस बदलली. "बरोबर आहे. आजपासून सशांनी आणि उंदरांनी गवत उपटू नये."

"आणि हत्तीनं?" मागून कुणीतरी विचारलं.

"हत्तीला मी सवडीनं सांगेन," सिंह म्हणाला. स्वतःच्या गादीचा विषय त्यानं काढलाच नाही, आणि इतरांनीही भिडेखातर काढला नाही.

आता उठला कोल्हा. सिंहाखालोखाल जाड बिछाना ह्याचाच. गवत गेलं तर पाठीला खडे टोचणार, पण असं सभेत म्हणायचं कसं? म्हणून त्यानं चेहरा भोळा केला.

"गुरुजी, एका अडाण्याची शंका आहे. मागच्या वर्षी आपण म्हणालात, पाणी उंबरापर्यंत येणार. आलं?"

"जांभळीपर्यंत आलं."

"मी उंबराचं विचारतोय."

"जांभळीच्या पुढचं झाड उंबराचंच आहे."

"म्हणजे नाही आलं. बरं, पाणी चढतंय हे कशावरून?"

"माझ्या पायावरून. गुडघ्याला लागायचं, ते आता मांडीला लागतं."

"मग पाणी चढलं कसं म्हणता? वयोमानानं तुम्हीच खचला असाल."

अहो, काय हसले सगळे. माकड फांदीवरून पडलं आणि खाली पडूनही हसत राहिलं. कोल्ह्याला चेव चढला. त्यानं बगळ्याच्या शाळेतल्या एका पिल्लाला पुढे ओढलं.

"बाळ, पाणी वाढतंय कशावरून?"

"गुरुजी म्हणतात म्हणून."

"तू पाहिलंस का पाणी?"

"नाही. आम्ही नदीकडे पाठ करून बसतो. नाहीतर अभ्यासातून लक्ष उडतं."

पुन्हा हशा. सिंहाच्या मिशासुद्धा थरथरल्या.

आता मी कोल्ह्याची बाजू घेतो म्हणून रागावू नका, पण त्याचे प्रश्न चांगले होते. नदीकडे पाठ करून नदी शिकवणं ही काय रीत झाली? बगळ्यानं फक्त म्हणायचं होतं, "चला, दाखवतो." नदी चार उड्यांवर होती. पण पंडिताचं नाक मोठं. "माझ्या पायावर शंका?" तो म्हणाला. "हे शास्त्र आहे. तुमच्यासारख्यांना नाही कळायचं." आणि पंख झटकून उडून गेला. कोल्ह्यानं तरी स्वतः नदीवर जायचं होतं. तोही गेला नाही. त्याला प्रश्न हवा होता, उत्तराची त्याला काडीची गरज नव्हती. तो बिछान्यावर जाऊन झोपला.

टिटवीनं हे सगळं ऐकलं होतं आणि तिचे दिवस भरत आले होते. माळावर उन्हानं तापलेले दगड, मुंगूस आणि काटे. खाली वाळू कशी मऊ. ती सकाळीच कोल्ह्याच्या दारात गेली.

"कोल्होबा, पूर येत नाही म्हणता ना तुम्ही?"

"मी कुठे म्हणालो? मी आपलं विचारलं."

"पण तुम्ही हसलात."

"हसू आलं म्हणून हसलो, टिटवीबाई. हसायला काय पुरावा लागतो?"

एवढा हुशार प्राणी एवढा निवांत हसतोय म्हटल्यावर टिटवीला स्वतःचाच राग आला. उगाच जन्मभर ओरडले, आईनं उगाच भीती घातली. यंदा ती झुडपं बघायला गेलीच नाही. सरळ वाळूच्या बेटावर उतरली, खड्डा उकरला आणि चार टपोरी, ठिपक्याठिपक्यांची अंडी घातली.

कोल्ह्याला बातमी लागली तसा तो शेपूट वर करून जंगलभर धावला. "बघा, टिटवीनं अंडी वाळूत घातली. आता काय म्हणणं आहे गुरुजींचं?" मग काय विचारता. पणजोबांची रीत ती. ससे उतरले, साळिंदर उतरलं, माकडं उतरली. बिऱ्हाडं काठावर आली. आणि सगळ्यात पुढे कोण? कोल्हा. त्यानं तर थेट बेटावर, टिटवीच्या शेजारीच नवं बीळ उकरलं आणि डोंगरावरचं गवत तोंडानं ओढून ओढून आतला बिछाना पूर्वीपेक्षा जाड केला. त्याला शेजारी बघून टिटवी आणखी निश्चिंत झाली. धोका असता तर कोल्हा आला असता का? आणि टिटवी ओरडत नाही हे बघून कोल्हा निश्चिंत झाला. धोका असता तर ही गप्प बसली असती का?

मग वरच्या डोंगरावर काळं झालं आणि पाऊस लागला. खाली थेंब नाही, पण नदीचं पाणी बघता बघता तांबडं झालं. फेस आला. काटक्या आल्या, मग फांद्या, मग मुळासकट एक झाड. काठावरची मंडळी टणाटण उड्या मारत डोंगराकडे पळाली. सिंहानं पळता पळता हुकूम काढला की नदीनं ताबडतोब मागे जावं. नदीला ऐकू गेलं नसावं.

बेटावर मात्र दोघंच उरले आणि बेटाच्या चारी बाजूंना पाणी.

"कोल्होबा, पाणी वाळूवर आलं हो. आता काय करायचं?"

"मला काय विचारतेस? मी तुझी अंडी बघून इथे आलो."

टिटवी त्याच्याकडे बघतच राहिली. "आणि मी तुमचं हसू ऐकून आले."

पाणी बिळात शिरलं आणि तो जाडजूड बिछाना तरंगत बाहेर येऊन ऐटीत निघून गेला. टिटवीला उडता येत होतं, तिला कसली भीती? पण चार अंड्यांना पंख फुटायचे होते अजून. ती अंड्यांवर पंख पसरून बसली आणि जन्मात ओरडली नव्हती अशी ओरडली.

ती ओरड पलीकडच्या काठावर बगळ्यानं ऐकली. खरं सांगू, आधी त्याला जरा बरंच वाटलं. पंडितच तो. पण मग अंडी आठवली. तो झेपावत बेटावर आला आणि उथळ कुठे आहे ते पाय टाकून चाचपू लागला.

"गुरुजी, वाट दाखवा," कोल्हा म्हणाला. आवाज अगदी शाळेतल्या पिल्लासारखा.

"अंडी घेऊन येणार असशील तर दाखवतो."

"चारही?"

"चारही. तोंडात. आणि दात मिटायचे नाहीत."

कोल्ह्याच्या तोंडात अंडी, म्हणजे मांजराला दुधाची राखण. पण पाणी टिटवीच्या पोटाला लागलं होतं. ती बाजूला झाली. कोल्ह्यानं एकेक करत चारही अंडी तोंडात घेतली, गाल फुगले आणि जन्मात पहिल्यांदा त्याची बोलती बंद झाली.

पुढे बगळा, मागे कोल्हा, वर टिटवी. बगळा पाऊल टाकायचा आणि सांगायचा, "इथे गुडघ्याला. इथे मांडीला, डावीकडे ये. थांब, इथे खोल आहे." ज्या पायावर सगळं जंगल हसलं होतं, त्याच पायाकडे कोल्हा डोळे फाडून बघत होता. एकदा लोंढ्यानं त्याला फिरवलं, नाकातोंडात पाणी जायची वेळ आली, पण त्यानं जबडा मिटला नाही. शेवटी जांभळी गेली, उंबर आला, आणि उंबराच्या पायाशी पाणी खळखळत असताना तिघं वर चढले. हो, उंबराच्या. बगळा एक वर्ष आधी बोलला होता, एवढंच.

कोल्ह्यानं अंडी गवतात ठेवली. एक, दोन, तीन. मग तोंड पुसून हात झटकल्यासारखं केलं. ओली मंडळी भोवती जमली आणि वाहवा करू लागली. टिटवी मात्र हलली नाही.

"तोंड उघड," ती म्हणाली. मघाचं 'कोल्होबा, तुम्ही' सगळं नदीत वाहून गेलं होतं.

कोल्ह्यानं भुवया उंचावल्या आणि नुसतीच मान हलवली.

"गुरुजी म्हणाले, चार आणशील. तू मानेनं सांगतोस, एवढीच होती. मला दोघांचंही ऐकायचं नाही. मला बघायचंय. तोंड उघड."

कोल्ह्यानं तोंड उघडलं. डाव्या गालात, जिभेआड, चौथं अंडं होतं. अगदी कोमट.

"राहिलं वाटतं चुकून," तो म्हणाला.

"राहणारच," टिटवी म्हणाली, "तू खचला असशील वयोमानानं."

तात्पर्य म्हणाल तर एवढंच : शंका बेलाशक घ्यावी, पण घेतली की उठून बघूनही यावं, सांगणाऱ्याची फजिती झाली म्हणून नदीचं पाणी उतरत नसतं.