ट्रान्सफॉर्मरचं हरवलेलं वजन

"चोरी! भरदिवसा चोरी!" गुलाबशेठ वजनकाट्यासमोर पाय आपटत ओरडला.

त्याच्या भंगाराच्या आवारात पहिल्यांदाच एक जुना, जळका ट्रान्सफॉर्मर मोडीत निघाला होता. आत आला तेव्हा तो काट्यावर चढला होता. आता त्याचं तेल पिपात, पत्रा एकीकडे, लोखंडी पट्ट्या दुसरीकडे आणि मधोमध लालभडक तांब्याच्या तारा! सगळं पुन्हा काट्यावर घातलं, तर वजन आधीपेक्षा कमी!

शेठची सारी हयात लोखंडात गेलेली. लोखंड तोडा, वाकवा, ठोका, वजन तेवढंच राहतं. म्हणून आवारात त्याचा एकच कायदा होता: जेवढा माल आत, तेवढाच बाहेर. कमी पडला, तर कामगार चोर!

आणि हा ट्रान्सफॉर्मर फोडला होता लहानूने.

"शेठ, तारेवर कागद गुंडाळलेला असतो," लहानू हात जोडून म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, जाळून तांबं साफ कर..."

"मला कागदाच्या पुड्या सोडू नकोस! उद्या दुसरा ट्रान्सफॉर्मर घे. तोही जाळूनच साफ करायचा, आणि वजन पुरेपूर भरलं पाहिजे. तोळाभर जरी कमी आलं, तरी काम गेलं आणि आवारामागच्या चाळीतली खोलीही गेली!"

लहानू घरी आला आणि मुकाट्याने भांडी पोत्यात भरू लागला. शेजारचे जाणते नाना समजूत घालायला आले. "लहानू, मोठ्या माणसाच्या तोंडी लागू नये. सकाळी जा, पाय धर."

"पाय धरल्यानं काट्यावर वजन वाढतं का हो नाना?" चुलीपुढून लहानूची लेक हौसा फिसकारली. कालच्या धुराने तिचा घसा अजून खवखवत होता. चाळीतली एकुलती एक पांढरी शेळी तर अशी काळवंडली होती, की मालकीण तिला परकी समजून हाकलत होती!

"पोरीच्या जातीनं मध्ये बोलू नये," नाना म्हणाले.

"मग तुम्ही बोला ना! शेठसमोर!"

नानांना एकाएकी घरचं काम आठवलं.

हौसाने पदर खोचला आणि थेट आवार गाठलं. "शेठ, वजन पुरेपूर भरून देते. फक्त तारा जाळायची जागा मी निवडणार."

"निवड की! हवं तर डोंगरावर जाऊन जाळ!"

"जागेचा मालक नाही म्हणाला तर?"

"गुलाबशेठला नाही म्हणणारा या गावात कोण आहे? मी बघून घेईन त्याला!"

दुसऱ्या दिवशी मुनिमाच्या डोळ्यांदेखत ट्रान्सफॉर्मर उघडला. तेल, पत्रा, लोखंड सगळं मोजून बाजूला ठेवलं. उरली ती कागदात गुंडाळलेल्या तारांची वेटोळी. हौसाने ती हातगाडीवर घातली, वर लाकडं आणि रॉकेलचा डबा ठेवला आणि गाडी लोटत नेली ती सरळ शेठच्या बंगल्यात!

"शेठाणीबाई, दिवाणखाना कुठाय? खिडक्या लावून घ्या. दारांच्या फटीत गोणपाट कोंबते मी."

"अगं बाई! गालिच्यावर भट्टी?" शेठाणीबाई किंचाळल्या. "कालच पडदे धुतलेत मी!"

ओरडा ऐकून शेठ धावत आला. पाहतो तर गालिच्यावर लाकडं रचलेली, वर वेटोळी आणि हौसाच्या हातात काडेपेटी!

"थांब! डोकं फिरलंय का तुझं?"

"जागा मी निवडणार होते ना? आता तुमचा शब्द आहे, नाही म्हणणाऱ्याला बघून घ्यायचं. आरसा आणू?"

शेठाणीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अगं, पण आवार सोडून इथं कशाला?"

"आवारात वजन उडून जातं, शेठ. इथं दारं-खिडक्या बंद. चिमूटभरही बाहेर जायचं नाही. आणि तुमचा आमच्यावर भरवसा नाही, म्हणून आतून कडी लावून तुम्हीच पहाऱ्याला बसा. सगळं झालं की छत झाडू, पडदे झटकू, सोफा खरवडू, तुमच्या मिशा पुसून घेऊ. सगळं काट्यावर घालू!"

"मूर्ख मुली! धूर काय कोंडून ठेवता येतो? धुराड्यातनं, कौलांतनं, कुठनं तरी तो जाणारच!"

"जाणारच?" हौसाने काडेपेटी खाली केली. "मग परवा जो गेला, तो माझ्या बाबांनी खिशात घातला असं कसं म्हणता? धूर तुमचा असेल, तर चला चाळीत. आमच्या भिंतींवर आहे, शेळीच्या पाठीवर आहे, पोरांच्या छातीत आहे. मोजून परत घ्या! आणि वाऱ्याचा असेल, तर चोर वारा. त्याला कामावरून काढा!"

शेठचं पोट हललं, मिशा हलल्या आणि तो असा खो खो हसत सुटला, की लाकडांच्या ढिगाजवळच गालिच्यावर बसला!

"लहानू!" फाटकाशी उभ्या असलेल्या लहानूला त्याने हाक मारली. "तुझी खोली कायमची तुझी! आजपासून तारा जाळायच्या नाहीत, कागद हाताने सोलायचा. आणि सोललेला कागदही काट्यावर घालायचा! मुकादम तू!" मग तो हौसाकडे वळला. "आणि तुला काय देऊ गं, वकिलीणबाई?"

"या तारांतल्या तांब्याचा पाण्याचा हंडा."

"एवढाच?"

"मोठा सांग गं!" शेठाणीबाई मधेच म्हणाल्या. "माझा दिवाणखाना वाचलाय!"

तांबटाने आठवडाभर ठोकून हंडा घडवला. तो एवढा मोठा झाला, की चाळीत पोचवायला गुलाबशेठने स्वतः हातगाडी लोटली!