हिरडथळची वकीलखिंड

पाव्हणं, बसायचं तर त्या पलीकडच्या दगडावर बसा. या अलीकडच्यावर नको. हा केसोपंतांचा. हिरडथळचं माणूस यावर कधी टेकत नाही. डोक्यावर भारा असला तरी उभ्यानंच दम खातं. खिंडीला वकीलखिंड म्हणतात ते पंतांवरूनच. काळ्या कोटातला वकील नव्हे बरं का. राजाचा शब्द परराज्यात घेऊन जायचा, तो जुन्या काळचा वकील.

तेव्हा डोंगराच्या या अंगाला आपले राजे आणि त्या अंगाला पाथरणकर, दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य. मधे ही एकच वाट. पाथरणकर तगडे, आपलं राज्य ओंजळीएवढं. तरी असं सांगतात की केसोपंत होते तोवर तलवारी म्यानातच राहिल्या. पंत आणि पाथरणचे रायाजी कारभारी या दोन दगडांवर समोरासमोर बसत, पान खात, कडाकडा भांडत, आणि उठताना काहीतरी ठरवूनच उठत. रायाजी म्हणत, "तुमच्या राजावर माझा काडीचा विश्वास नाही, पंत. तुमच्यावर आहे."

एका उन्हाळ्यात पाथरणची फौज पायथ्याला येऊन बसली. पंतांनी जिवाचं रान करून तह जमवला: खिंडीत चौकी कोणीच बांधायची नाही, म्हणजे फौज मागे जाईल. रायाजींनी जामीन म्हणून राजाचा मुलगा ओलीस मागितला. राजे लोक कसले पक्के. म्हणाले, "युवराजांची प्रकृती नाजूक. पंत, त्यांचा विश्वास तुमच्यावर आहे ना? मग तुमची भिवरा जाऊ दे." रायाजींनीही मान डोलावली. पंत सगळ्या जगाला फसवतील, पण पोटच्या पोरीला दगा देणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. भिवरा सात-आठ वर्षांची, आईवेगळी. राजाच्या आज्ञेला नाही म्हणायची सोय कुठे होती? पंत तिला कडेवर घेऊन इथवर आले. ती रडली नाही म्हणे. एवढंच विचारलं, "आबा, कधी न्याल?"

पंत म्हणाले, "दिवाळीला न्यायला येईन."

फौज गेली. श्रावणात खिंड धुक्यात बुडाली, आणि एका सकाळी पंतांनी चुन्याच्या गोण्या लादलेले बैल वर चढताना पाहिले. तसेच धावत जाऊन त्यांनी राजांचे पाय धरले. राजे चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते शांतपणे म्हणाले, "उघडी खिंड म्हणजे उशाशी साप, हे मला इतकी वर्षं कोण सांगत होतं? तुम्हीच ना? आज चौकी झाली नाही तर पुढच्या उन्हाळ्यात ते खाली उतरतील. खाली भरलेलं गाव आहे. तुम्ही सांगा, थांबवू काम?"

काय सांगणार? लेकीसाठी गाव जाऊ द्या, असं म्हणायला जीभ रेटेना. गावासाठी लेक जाऊ द्या, असंही म्हणवेना. पंत मान खाली घालून उभे राहिले, आणि राजांनी त्याचाच होकार धरला.

धुकं उठलं तेव्हा चौकी बांधून तयार होती. रायाजींचा निरोप आला. पंत येऊन या दगडावर बसले, डोळे सगळे खालच्या वाटेकडे, की पोरीला बरोबर आणतील. रायाजी एकटेच आले. पंतांनी डोक्यावरचं पागोटं काढून त्यांच्या पायांवर ठेवलं. म्हणाले, "चौकी पाडून देतो. माझा शब्द घ्या. पोरीला काही करू नका."

रायाजी म्हणाले, "पंत, तुम्ही मनापासून बोलताय, ते मला कळतंय. पण तुमचा शब्द तुमच्या हातात कुठाय?" त्यांनी पागोटं उचललं, पंतांच्या मांडीवर ठेवलं आणि आले तसे उतरून गेले.

भिवराचं पुढे काय झालं, कोणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणतं मारली, कोणी म्हणतं लांब कुठे नेऊन वाढवली. पंतांनाही कधी कळलं नाही. दिवाळीला ते इथे येऊन बसले. पुढच्या दिवाळीलाही. चौकीवरचे शिपाई भाकरी आणून द्यायचे, ती ते घ्यायचे नाहीत. असे किती वर्षं आले देव जाणे, पण एका दिवाळीला बसले ते उठलेच नाहीत.

आणि चौकीपुढे पाथरणकरांची मात्रा काही चालली नाही. हिरडथळ वाचलं. खाली कौलं दिसतात ना, ती सगळी त्या चौकीच्या जिवावर. आमचं घरही त्यातलंच. त्यामुळे राजाला शिव्या घालाव्यात म्हटलं तर तोंड उघडत नाही.

आता राजेही गेले आणि फौजाही गेल्या. दोन्ही गावांत सोयरिकी होतात. पण आजही हिरडथळची लेक सासरी निघाली की बाप तिला इथवर पोचवायला येतो, आणि तिनं "कधी न्याल?" विचारलं तर तोंडातून शब्द काढत नाही. डोक्यावरून हात फिरवतो आणि परततो. मग दिवाळीला चार दिवस असतानाच, कोणाला न सांगता, तिच्या दारात जाऊन उभा राहतो.