कोऱ्या पेपराला शंभर गुण

कोल्हापुरात सॉफ्टवेअर तपासायला शिकवणारी एक संस्था होती, आणि तिचे संचालक खर्डेकर सर स्वतःवर भलतेच खूश असत. संस्थेची परीक्षा घेणारं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतः बनवलं होतं. एक दिवस ते वर्गात आले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'उद्यापासून सरावाचे तास बंद.'

"माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आजवर एकही चूक निघाली नाही," ते म्हणाले. "आणि ते तर कुणी तपासलंही नव्हतं! मग तपासण्याचा सराव हवाच कशाला? पुस्तक पाठ करा!"

वर्गातल्या रेवती मगदूमला हे पटलं नाही. सरावाशिवाय तिला नोकरीवर कोण घेणार? ती उठली. "सर, तास बंद करण्याआधी मी एकदा तपासू?"

"खुशाल!" सर मिशीत हसले.

रेवतीने परीक्षा उघडली आणि एकाही प्रश्नाला हात न लावता पेपर देऊन टाकला. पडद्यावर अक्षरं झळकली, 'अभिनंदन! शंभरपैकी शंभर!'

वर्गात हशा पिकला. सर उखडले, "हे कसं झालं?"

"तुमचं सॉफ्टवेअर चुकलेल्या उत्तरांचे गुण कापतं, सर. मी उत्तरच दिलं नाही, तर ते कापणार काय?"

"अगं, पण कोऱ्या पेपराला कुणी अचूक म्हणतं का?"

"तुम्हीच म्हणालात, सर," रेवती शांतपणे म्हणाली. "ज्यात आजवर एकही चूक निघाली नाही, ते तपासायचं कशाला? माझ्या पेपरातही एकही निघाली नाही."

सरांनी डस्टर उचललं आणि फळ्यावरची ओळ पुसून टाकली.