आवडाईचा उसासा

चढावर ही विटांची सुळकी दिसते ना, माणसाहून दुप्पट उंच, वर तोंड उघडं असलेली? ती देवळाची नाही, समाधीची नाही. तिला आमच्या झरेवाडीत आवडाईचा उसासा म्हणतात. कान लावून बघा, आत पाण्याची खळखळ ऐकू येते.

फार पूर्वी इथं आवडाई नावाची कुंभारीण राहायची. तिच्या परसात शेवंती, झेंडू, पडवळ, वाल, काय नव्हतं! गावदेवीला रोजची फुलं तिच्याच बागेतली. डोंगरातल्या झऱ्यावरून ती घागरीनं पाणी आणायची. पण म्हातारपणी तिची दृष्टी गेली, आणि एके दिवशी त्या वाटेवर ती पडली. तेव्हापासून घागर सुटली आणि बाग सुकायला लागली. आवडाईनं अन्नावरची वासनाच सोडली, असं सांगतात.

तिची सून चंद्रा. तिनं देवीपुढं शब्द दिला, "आत्याबाईंच्या परसात पाणी येईस्तोवर मी केसांत फूल माळणार नाही."

नवरा सटवाजी चाकावर खापराचे नळ घडवू लागला, एकाचं निमुळतं तोंड दुसऱ्यात बसेल असे. चंद्रा उतारावर पाणी ओतून ते कुठून धावतं ते बघे आणि तिथं चुन्याची रेघ मारी. नांगर लागू नये, गुरांच्या पायांनी फुटू नये, म्हणून चर चांगला कमरेइतका खोल खणला. लोक हसायचे, "पाणी काय घूस आहे, जमिनीखालून चालायला?"

तोट्या कुठं बसवायच्या हे मात्र चंद्रानं सासूला विचारलं. म्हातारी हात धरून परसात फिरली. झाडं चाचपत म्हणाली, "एक इथं शेवंतीपाशी. एक वालाच्या मांडवाखाली. आणि एक कुंपणाबाहेर, वाटसरूला." कितीतरी दिवसांनी ती त्या सांजेला पोटभर जेवली म्हणे.

नळ पुरले. चैत्रातल्या एका सकाळी सटवाजीनं झऱ्याचं तोंड मोकळं केलं. सगळं गाव परसात जमलं. चंद्रानं तोटीची खुंटी काढली, पण एक थेंब आला नाही. ऊन चढलं, तशी माणसं एकेक करून पांगली. चंद्रा तिथंच मटकन बसली.

तेव्हा आवडाई काठी टेकत चराच्या कडेनं चढावर निघाली. थोडं चालायची, आडवी व्हायची, मातीला कान लावायची. याच जागी थांबली आणि ओरडली, "अगं चंद्रे, पाणी आलंय! इथवर येऊन गुदमरलंय बिचारं. त्याला श्वास घेऊ दे!"

सटवाजीनं उकरलं. खाली खडक होता, म्हणून नळ तेवढ्या जागी उंच उचलून नेलेला. चंद्रानं टोच्यानं नळाला भोक पाडलं. आतून भस्सकन वारा सुटला, एखाद्यानं मोठा उसासा टाकावा तसा. पाठोपाठ पाणी उसळलं आणि खाली परसातल्या तोट्या धो धो वाहू लागल्या. लोक धावत परतले. कोणी घागरी भरल्या, कोणी एकमेकांना भिजवलं. मग त्या भोकावर उभा नळ बसवून भोवती ही सुळकी बांधली.

पुढं दसऱ्याला परसात पहिली शेवंती उमलली. आवडाईनं ती खुडली, सुनेचा अंबाडा चाचपला आणि स्वतःच्या हातानं माळली. "आता शब्द पुरा झाला गं," म्हणाली.

आजही आमच्यात कोणाच्या बागेत नवा नळ टाकला, की घरातली सर्वांत थोरली बाई मातीला कान लावते. ती "आलं!" म्हणेपर्यंत तोटी उघडत नाहीत. नळ आता प्लास्टिकचे झाले, प्लंबर तालुक्याहून येतो, तोही पाना हातात धरून थांबतो.

परवा आमच्याकडंच हा सोहळा झाला. आमची आत्या सर्वांत थोरली, पण तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. तरी ती वाकली. कान लावला, मग हसून तळवा मातीवर टेकला.

"आलं!" ती म्हणाली, आणि तोटी उघडायच्या आधीच पोरासोरांनी बादलीतल्या पाण्यानं तिला भिजवून टाकलं.