रेघेवरचे बारसे

एका राज्यात, चैत्र वद्य पंचमीस, सूर्य उगवून बरोबर दोन घटका झाल्या असता, राजाच्या मांत्रिकाने राखेची मूठ उडवली आणि दोनआळी गावाच्या मधोमध रेघ पडली. अलीकडची आळी या राजाची, पलीकडची शेजारच्या राजाची. जो रेघ ओलांडील त्याचा धोंडा होईल. बोललेला शब्द पलीकडे जाणार नाही. आणि बाराव्या दिवशी सूर्यास्तापर्यंत ज्या बाळाला नाव मिळणार नाही, ते कोणाचीच रयत नव्हे, त्याचाही धोंडा होईल.

आता त्या गावाची रीत अशी, की या आळीच्या लेकी त्या आळीत द्यायच्या आणि तिकडच्या इकडे आणायच्या. म्हणजे प्रत्येक बाळाची आत्या पलीकडे. आणि आत्याने कानात सांगितल्यावाचून नाव काही लागत नसे. वर्षभरात तीन बाळे वेशीवर धोंडे होऊन बसली.

हौसाच्या लेकीला बारावा दिवस लागला. पलीकडे नणंद तानूबाई सकाळपासून उभी. तिचे ओठ हलत, पण ऐकू येत नसे.

रेघेवर एका टिटवीने तीन अंडी घातली होती. ती म्हणाली, "बाई, रडून दूध आटेल. माझी तीन कामे कर, मी उपाय सांगते."

"सांग."

"ऊन चढलंय. अंड्यांवर पदर धर."

हौसाने धरला. बाळ मांडीवर, हात भरून आले, पण पदर हलू दिला नाही.

"आता ओंजळीने पाणी आण. माझं पोट भिजव."

तेही केले. ओल्या पोटाने टिटवी अंड्यांवर बसली. दिवस कलला तशी अंडी फुटली. एक पिल्लू अलीकडे दुडदुडले, दोन पलीकडे गेली. एकाचाही धोंडा झाला नाही.

"रेघ धरते ती ओलांडणाऱ्याला," टिटवी म्हणाली. "जे रेघेवरच निजलं, ते दोन्हीकडचं. तिसरं काम. लेक इथे ठेव."

"तुला तीन आहेत. मला ही एकच."

"तिघांतलं एकही मला जास्तीचं नव्हतं."

सूर्य डोंगराला टेकला. बाळाची पावले गार पडू लागली. हौसाची बोटे सुटता सुटेनात. शेवटी तिने डोळे मिटले आणि लेक राखेवर ठेवली.

टिटवी रेघेवरून ओरडली, तो आवाज दोन्हीकडे गेला. "तानूबाई, वाका."

तानूबाई वाकली, कानाला ओठ लावून नाव सांगितले, कुर्रर्र केले. बाळ दचकले आणि मोठ्याने रडले. ते रडणे दोन्ही आळ्यांनी ऐकले. राख उडाली, रेघ पुसली गेली. वेशीवरचे तीन धोंडेही रडू लागले, बाळे झाली.

"वहिनी, किती वाळलीस गं. दादा खायला घालतो की नाही?"

"वन्सं, आधी नाव सांगा. काय ठेवलंत?"

"जाई. आणि मला विचारायचं नाही. आत्या मी की तू?"

त्या तिघांनाही त्यांच्या आत्यांनी त्याच जागी नावे दिली. दोन्ही राजांनी आपली हद्द उचलून डोंगरापलीकडे नेली.

ज्या घरी बाळ आहे आणि आत्या पलीकडे अडकली आहे, त्या घरी एवढा निरोप पोचवा. म्हणावे, पाळणा मधोमध ठेवा आणि आई नि आत्या, दोघी दोन्हीकडून वाका.