खिंडीतला काळा खडक

उत्तरेकडच्या ज्या देशात उन्हाळा उभ्याउभ्या येऊन जातो, तिथे फार पूर्वी हाल्वर नावाचा म्हातारा बीव्हर राहत असे. लाकूड कुरतडून घरं बांधण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. आता दातही झिजले होते.

एके दिवशी रेनडियरांची म्होरकी इंगा त्याच्याकडे आली. "आजोबा, गेल्या हिवाळ्यात खिंडीतल्या वाऱ्याने माझी दोन पाडसं गारठून गेली. तिथे एवढासा आडोसा बांधून द्या."

हाल्वरला नाही म्हणवेना. त्याने खिंडीत लाकडं ओढून नेली. पण तिथल्या एकुलत्या एक सपाट जागेवर मधोमध एक काळा खडक बसला होता.

"जरा बाजूला हो, बाबा," हाल्वर म्हणाला.

"मला हलता येत नाही," खडक म्हणाला.

चार दिवस हाल्वरने त्याच्याखालची माती उकरली, ओंडका लावून रेटून पाहिलं. खडक तसूभरही सरकला नाही. पाचव्या दिवशी सकाळी बर्फ भुरभुरू लागलं. "आता माझ्याच्याने होत नाही," असं म्हणत हाल्वर खडकाला पाठ लावून मटकन बसला.

बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं, की इथे वारा लागत नाही.

तो कण्हत उठला. खडकालाच मागची भिंत धरून त्याने दोन्ही बाजूंना लाकडं रचली, वर उतरतं छप्पर घातलं. संध्याकाळी इंगाची पाडसं आत शिरली.

"आजवर मला हलवायला पुष्कळ जण आले," खडक हळूच म्हणाला. "टेकायला तूच पहिला."

पण पाडसांच्या उबेत हाल्वरला केव्हाच झोप लागली होती.